बास्केट बाद

आमच्या चाळीत कुणी गेलं की खांदा द्यायला तात्या कर्णिक सगळ्यांच्या पुढे. पण तिरडी बांधता बांधता ते शेजारच्याला हळूच सांगायचे, "अण्णा पहिल्यांदा आजारी पडले ना, त्या वर्षी परळच्या पोरींनी कप मारला होता. नोंद आहे माझ्याकडे."

कप म्हणजे शाळकरी मुलींच्या बास्केटबॉलचं राज्य अजिंक्यपद. माझ्या भावाचं बारसं, चाळीत नळ आला तो दिवस, गांधीजी गेले ते साल, सगळं तात्या या कपावरून लावायचे. कोण जिंकलं, कोण हरलं, कुणाला ताप होता, सगळं एका जाड वहीत. गिरगावात माणसं पोस्टाची तिकिटं जमवायची, नाटकाच्या जाहिराती जमवायची. आमच्या तात्यांनी पोरींचे सामने जमवले.

स्वतः पाच फूट. जहाज कंपनीत कारकून. जन्मात कधी बॉल हातात धरलेला नाही, बायको केलेली नाही. लग्नात जेवायला गेले तरी पंगतीतली उंच मुलगी हेरून विचारायचे, "काय गं, उंची किती?" मुलीच्या आईला वाटे, भाच्यासाठी स्थळ बघतायत. ती बिचारी आग्रहाने जिलबी वाढायची.

मी तेराव्या वर्षीच ताडमाड वाढले, तेव्हा आई डोक्याला हात लावून बसली. तात्या आमच्या दारात येऊन म्हणाले, "वहिनी, विमलची उंची हा राज्याचा ठेवा आहे."

"मग राज्यालाच सांगा नवरा शोधायला!" आई म्हणाली.

पण तात्यांनी पिच्छा सोडला नाही. शाळेच्या संघात मला घालूनच थांबले. रोज संध्याकाळी ऑफिस सुटलं की मैदानाच्या कडेला हजर. एका हातात छत्री, दुसऱ्या हातात आमच्यासाठी लिंबाच्या सरबताची किटली. सरबतात मीठ नेहमी जास्त. आम्ही तोंडं वाकडी करून प्यायचो आणि पाठीमागे त्यांची नक्कल करायचो.

तेव्हा संयुक्त महाराष्ट्राची चळवळ पेटलेली. तात्यांनीही सत्याग्रह केला आणि आठ दिवस आत जाऊन आले. बराकीत त्यांनी सोबतच्या मंडळींना पहिल्या वर्षापासून कपाचा सगळा इतिहास ऐकवला म्हणे. पोलिसांच्या लाठ्यांना न बधलेली माणसं पाचव्या दिवशी 'आम्हाला दुसऱ्या बराकीत हलवा' म्हणू लागली.

आणि त्याच द्वैभाषिकाच्या काळात, महाराष्ट्र-गुजरात एकाच राज्यात होते तेव्हा, आमची शाळा पहिल्यांदा फायनलला गेली. समोर कोण? बडोद्याच्या मुली! झालं, गल्ली पेटली. बडोद्याच्या पोरी बिचाऱ्या आमच्यासारख्याच, दोन वेण्या आणि सोललेले गुडघे. पण कप गिरगावात आला की अर्धं राज्य मिळालंच, असा आमच्या गल्लीचा हिशेब. लोक झेंडे घेऊन मैदानावर आले.

वेळ बघायला टेबलावर तात्या. हातात स्टॉपवॉच, पुढ्यात पितळी घंटी. एवढा कडक माणूस दुसरा नाही, म्हणून दोन्ही संघांनी त्यांनाच मागितलेलं.

शेवटी आम्ही एका गुणाने मागे. बॉल माझ्या हातात आला. मी उडी मारली, फेकला आणि बॉल जाळीतून खाली आला. मग घंटी वाजली. अहो, काय गोंधळ झाला म्हणता! लोकांनी मला खांद्यावरच घेतलं.

तेवढ्यात तात्या उभे राहिले. चेहरा पांढराफटक.

"घंटी उशिरा वाजली," ते म्हणाले. "वेळ आधीच संपली होती. बास्केट बाद."

रेफरीने तीनदा विचारलं. तात्यांनी तीनदा तेच सांगितलं. कप बडोद्याला गेला.

दुसऱ्या दिवशी तात्यांच्या दारावर कुणीतरी खडूने 'फितूर' लिहिलं. सत्यनारायणाला त्यांना कुणी बोलवेना. मैदानावरही ते यायचे थांबले. आणि मी? जिन्यात समोरून आले की मी भिंतीकडे तोंड करायची. दोन वर्षं. माझा जन्माचा एकच कप त्या माणसाने उठून परत दिला होता. मी का बोलू?

मग महाराष्ट्र झाला. त्या संध्याकाळी सगळी गल्ली दिव्यांनी लखलखत होती, ढोल वाजत होते. आईने पेढ्यांचं ताट माझ्या हातात दिलं. "तात्यांना देऊन ये. आत गेला होता गं तो माणूस यासाठी."

तात्या अंधाऱ्या खोलीत बनियनवर बसले होते. मी ताट पुढे केलं, आणि इतके दिवस दाबून ठेवलेलं तोंडातून निघालंच. "तात्या, खरं सांगा. वेळ खरंच संपली होती?"

त्यांनी पेढा घेतला, पण खाल्ला नाही.

"मला ठाऊक नाही, विमे."

"म्हणजे?"

"तुझ्या हातात बॉल आला आणि मी घड्याळ बघायचंच विसरलो. तुझ्याकडेच बघत राहिलो. बॉल जाळीत गेल्यावर खाली पाहिलं, तर काटा पुढे गेलेला. तेव्हा घंटी मारली. तू वेळेत फेकलास की नंतर, देव जाणे."

"मग बाद कशाला दिलंत? वेळेत होता म्हणायचं होतं!"

"तेच तर जिभेवर आलं होतं गं," तात्या म्हणाले. "तुम्हा पोरींनी कप उचललेला मला इतका बघायचा होता, इतका... म्हणून म्हटलं, आपली ही जीभ आज खरं बोलायची नाही. तिच्या उलट बोलावं."

मला राग आला, खरंच आला. आणि त्याच्या दुप्पट रडू आलं. अख्ख्या मैदानात माझ्या त्या बॉलवर माझ्याइतकाच जीव टाकलेला एकच माणूस होता, आणि त्यालाच मी दोन वर्षं भिंत दाखवली होती.

"तात्या, खाली रोषणाई बघायला चला," मी म्हटलं. "माझ्याबरोबर चला. कोण काय बोलतं तेच बघते."

"थांब हं, सदरा घालतो," म्हणून ते पडद्याआड गेले. सदरा घालायला किती वेळ लागतो? बराच वेळ झाला तरी ते बाहेर येईनात, आतून फक्त नाक ओढल्याचा आवाज येत होता. मी हाक मारली नाही. ताट हातात धरून दारात उभी राहिले.