तालमीची माती आणि राणीसरकार

"हवासुद्धा विचारल्याशिवाय भाईर पडणार न्हाय, असला डबा करतो!" विश्वजितनं छाती ठोकून सांगितलं.

शिवाजी पेठेत काचा कापायचं दुकान त्याचं, तेव्हा काचेच्या डब्याबद्दल एवढं बोलायचा हक्क होता गड्याला. पण त्या डब्यात राहायला येणार होती राणीसरकार. तळहाताएवढी, केसाळ टॅरंटुला! पुण्याच्या एका हौशी माणसाकडून रीतसर कागदपत्रांसकट आणलेली. लोक कुत्री पाळतात, ह्याला कोळी पाळायचा होता!

"आणि भाईर आली तर?" त्याच्या आईनं, आक्काताईंनी विचारलं.

"येतीय कशी!"

"मग ऐक. एकदा जरी भाईर दिसली, तर ह्या घरात एक तर ती ऱ्हाईल, न्हायतर तू. दोघं न्हाय."

"कबूल!"

आक्काताईंचा राग नुसता कोळ्यावर नव्हता. गुंडू पैलवान रोज तालमीला येताना आपली बुलेट ह्यांच्या दाराला आडवी लावायचा. म्हातारी बाई पोट आत ओढून तिरकी बाहेर पडायची आणि अख्खी गल्ली माना खाली घालून गप्प! विश्वजितसुद्धा. लेकाला कोळी पाळायची छाती आहे, बुलेट हलवायला सांगायची नाही, हे आक्काताईंचं खरं दुखणं.

डबा मात्र झकास झाला. मुद्दाम बुटका, कारण टॅरंटुला उंचावरून पडली तर पोट फुटून मरते. वर सरकतं झाकण, झाकणाला बारीक भोकं, बाजूला कुलूप. आत लपायला अर्धी करवंटी. राहिलं खालचं अंथरूण. पुणेकरानं बजावलं होतं, नारळाचा भुसा ओलसर करून घाला.

"भुसा? कोल्हापुरात?" विश्वजित भडकला. "आमच्या तालमीची लाल माती काय मेली काय? तेल, ताक, हळद, लिंबू पाजून वाढवलीया! तिच्यात लोळून पोरांची अंगं दगड हुत्यात. ही तर म्हैस हुईल!"

दुपारी तालीम रिकामी बघून त्यानं पाटीभर माती उचलली.

राणीसरकारनं मातीवर एक पाय टेकवला, उचलला. दुसरा टेकवला, उचलला. मग जी काचेला चिकटली ती उतरेचना!

"आई, गुण आला की! जोर काढाय लागली!"

"जोर कसले, खुळ्या! तिला ती घाण सोसंना. ताक नासलंय त्यातलं, घरभर वास सुटलाय!"

वास खरा होता. पण तालमीत माती बिघडली की उकरतात, एवढं ज्ञान विश्वजितला होतं. आक्काताईंचं उलथनं घेऊन त्यानं झाकण सरकवलं. राणीसरकार जणू वाटच बघत होती! उलथनं, मनगट, कोपर, खांदा... थेट कॉलर!

"आई... हालू नको..."

"मी कुठं हालतीया? तूच लटपटतोयस!"

तेवढ्यात घरात अंधार झाला. दारात गुंडू पैलवान उभा!

"तालमीची माती चोरतोस व्हय रं? सांडत सांडत हितवर आलीया!" म्हणत त्यानं विश्वजितची कॉलर धरली. कॉलरवर काय बसलंय, ते मग बघितलं.

राणीसरकार निवांतपणे पैलवानाच्या मनगटावर चढली.

अहो, बिनतेलाचा उसाचा चरकसुद्धा असा किंचाळत नाही! मैदानात ज्याची पाठ कधी लागली नाही, तो गडी मटकन जमिनीवर बसला. हात पुढं, डोळे गच्च मिटलेले.

"आक्का! काढा की! पाया पडतो!"

"वराडू नको. हात भुईला टेक." आक्काताईंनी पुढं पातेलं आडवं धरलं, उलथन्यानं मागून हळूच ढोसलं. राणीसरकार डौलात पातेल्यात गेल्या. वर ताटली! मग आक्काताईंनी ताटलीला हात घातला.

"काढू काय परत? का बुलेट हलवतोस?"

"हलवतो! परत लावणार न्हाय! आईची आण!"

त्या दिवशी आक्काताई उंबऱ्यातून सरळ, छाती काढून बाहेर पडल्या. गल्ली बघतच राहिली!

विश्वजित मात्र तोंड पाडून बसला होता. "शब्द दिलता, आई. सोडून येतो पुण्याला."

"कुणाला?"

"राणीसरकारला."

"तिला कशाला? एकजण जाणार, एवढंच ठरलंतं की!"

आता राणीसरकार रस्त्याकडच्या खिडकीत, नारळाच्या भुशावर ऐसपैस असतात. डब्याची किल्ली आक्काताईंच्या कनवटीला. विश्वजित दुकानात काचांच्या शेजारी झोपतो. जेवायला घरी यायची परवानगी आहे म्हणा, पण राणीसरकारचं आटोपल्यावर!