बाबाराव सोनारांचं हनुवटीचं वेड

बाबाराव सोनार माणसाचा चेहरा कधी समोरून बघत नसत. कुणीही भेटलं की दोन पावलं बाजूला सरकून आधी त्याची हनुवटी बघायचे आणि मग रामराम घालायचे. एकदा हिंगोलीच्या बाजारात नवे तहसीलदार फिरायला आले. सगळे माना खाली घालून उभे होते. बाबाराव मात्र त्यांच्या बाजूला जाऊन हळहळले, "सायेब, तुमी लहानपणी भेटायला पायजे होता!"

बाबाराव तरुणपणी हैदराबादेत एका दातांच्या डाक्तराकडे कवळ्या घडवायला होते. विलायतेत मागं पडलेली हनुवटी पुढं आणायचं एक यंत्र निघालं होतं. ते या डाक्तरानं करून पाहिलं आणि त्याच्या हाताखाली बाबारावांनीही केलं. तेव्हापासून ते सोनारकी करत होते ती पोटापुरती. जीव सगळा जबड्यात.

माझी थोरली मुलगी शांता तेव्हा अकराची होती. खालचा जबडा मागं राहिलेला, वरचे दात पुढं, ओठ मिटत नसत. ती हसली की हात तोंडावर जायचा. पुढंपुढं तिनं हसणंच सोडलं. बाबारावांनी तिला रस्त्यात बाजूनं पाहिलं आणि थेट माझ्या घरी आले.

"मोजणीसायेब, पोरीचं हाड अजून कच्चं हाये. कच्चं हाड ऐकतं. दोन वर्सं गेली की बहिरं होतं. मंग मी न्हाई, कुणीच काई करू शकत न्हाई."

मी जमीन मोजणीतला माणूस. मोजल्याशिवाय मला काही पटत नाही. कंपास लावून वरच्या आणि खालच्या दातांमधलं अंतर घेतलं. तीन सूत, म्हणजे इंचाचे आठ भाग केले तर त्यातले तीन. वहीत लिहिलं, खाली सही केली.

यंत्र म्हणजे कडक केलेल्या रबराचा, तोंडात मावेल एवढा लालसर ठोकळा आणि पुढं तारेची कमान. खालचा जबडा पुढं आणल्याशिवाय ते तोंडात बसतच नसे. रोज रात्री घालून झोपायचं, शिवाय शाळेतून आल्यावर दोन तास. पहिले आठ दिवस उशी भिजायची आणि शांता यंत्रासकट रडायची. पण चार महिन्यांत तिनाचे दोन सूत झाले! बाबाराव भर बाजारात मला मिठी मारून म्हणाले, "सरकून राहिला जबडा! सरकून राहिला!"

मग श्रावण आला आणि जबडा थांबला. श्रावणाच्या शेवटी मोजलं तर दोन सूत. पुन्हा मोजलं. दोनच.

"शांताबाई, खरं सांग," बाबाराव म्हणाले, "रोज घालतीस का?"

शांतानं आईकडं बघितलं. आमची मंडळी शांतपणे म्हणाली, "उपासाला न्हाई घालत. उपासाला तोंडात सुपारी चालत न्हाई, रबर काहून चालंल?"

मी बोटं मोडून हिशेब केला. सोमवार, शनिवार, एकादश्या, गोकुळाष्टमी. उपासाची रात्र आणि त्याची आदली रात्रही, कारण तिच्या मते झोपेत रबर झिजून पोटात उतरलं तर उपास मोडणार. दोनदा आलेल्या रात्री वजा करून तीसपैकी एकोणीस रात्री यंत्र फडताळातल्या डब्यात होतं.

"अन् पुढं हरतालिका, ऋषिपंचमी, नवरात्राचे नऊ दिवस!" बाबारावांनी कपाळाला हात लावला. "पोर उपास धरून राहिली, हाड धरून न्हाई राहिलं! ते पक्कं होऊनच राहिलं!"

"आवाज करू नका, भावजी. देवाचं काम हाये."

बाबाराव सतरंजीवर मांडी घालून बसले. मग अदबीनं विचारलं, "वैनी, सोन्याला विटाळ लागतो का?"

"सोन्याला कसा लागंल?"

"मंग तोंडात सोनं असलं तर उपास मोडंल?"

मंडळीनं डब्यातून यंत्र काढून त्यांच्यासमोर ठेवलं. दुसऱ्या दिवशी यंत्राच्या कमानीवर ज्वारीच्या दाण्याएवढा सोन्याचा मणी जडून आला. तिनं तो उजेडात धरला, हळद-कुंकू वाहिलं आणि स्वतःच्या हातानं यंत्र शांताच्या तोंडात बसवलं. त्यानंतर नवरात्राची एकही रात्र चुकली नाही.

"त्या मण्याचा जबड्याला उपयोग काय?" मी विचारलं.

"काईच न्हाई. तो वैनीसाठी हाये."

यंत्रातला तेवढाच भाग निरुपयोगी होता, आणि सगळ्यात जास्त काम त्यानंच केलं. चैत्रात मी बाबारावांच्या दुकानात मोजलं तर अर्धा सूत! शांतानं ओठ मिटले. ते सहज मिटले. मी तिसऱ्यांदा मोजायला लागलो तेव्हा ती खळखळून हसली. हात मांडीवरच होता.

बाबारावांनी तिला रस्त्यावर उभं करून येणाऱ्याजाणाऱ्याला बाजूनं दाखवलं. समोरचा कापडवाला गिऱ्हाईक सोडून आला. हट्टा गावचे दोन शेतकरी उगाच थांबून "व्हय, व्हय, ब्येस हाये" म्हणून गेले. दुकानात परत आल्यावर बाबाराव एकदम थंडावले. म्हणाले, "आता यायचं काई काम न्हाई, बाळ."

यंत्र ठेवायला त्यांनी मागचं कपाट उघडलं. आत फळ्यांवर चुन्यासारख्या पांढऱ्या मातीचे दातांचे साचे मांडलेले होते. एकावरही नाव नव्हतं. बाबारावांनी न शोधता शांताचा उचलला.

"बाकीचे कुणाचे?" तिनं विचारलं.

"ही शिरडची कमळी. हा वसमतचा, लई चावरा. ही गिरणीवाल्याची." ते एकेका साच्यावरची धूळ बोटानं पुसत होते. त्यांच्या घरी दुसरं कुणी नव्हतं, हे मला ठाऊक होतं. "बरी झाली की येत न्हाईत. काहून येतील? माझ्याजवळ समदी पहिल्या दिवसाचीच हायेत. आता कसं दिसून राहिलं असंल कोण, काई कळत न्हाई."

साच्यासाठी पहिल्या वेळी तोंडात ओली माती दाबली तेव्हा शांता ओकली होती आणि पुन्हा दुकानाची पायरी चढणार नाही म्हणून दोन दिवस भांडली होती. आता तिनं माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही. स्टुलावर जाऊन बसली, ओढणी मानेशी खोचली.

"काका, आत्ताचा घ्या," ती म्हणाली. "पण भराभर. मला उलटी येती."

बाबाराव माती कालवायला वळले. भांड्यात पाणी किती घ्यायचं ते त्यांना डोळे मिटून ठाऊक होतं. त्या दिवशी त्यांनी दुप्पट ओतलं आणि सगळं पुन्हा कालवलं.