जुन्या प्लेटा आणून द्या!

चक्राकार अर्थव्यवस्था म्हणजे काय, हे आसेगावात माझ्याशिवाय कोणाला कळत असेल तर दाखवा! काही म्हणजे काही फेकायचं नाही, मोडक्याला पुन्हा कामाला जुंपायचं. म्हणून निकिताच्या, म्हणजे माझ्या लेकीच्या साखरपुड्याला मी जनरेटर साफ नाकारला. भर एप्रिल, दुपारी वीज जाणार हे नक्की, त्यात वाशीमचे व्याही लखीराम यांना उकाडा सहन होत नाही. तरी मी त्यांनाच फोनवर ठोकून दिलं, "समाजमंदिरातले पंखे गारपिटीत तडकलेल्या सोलरच्या प्लेटांवर फिरतील!"

"नाही फिरले तं पोरीले सासरी जन्मभर आयकाव लागन," माझी बायको साधना म्हणाली.

माझ्या पंपाच्या तडकलेल्या प्लेटा मी समाजमंदिराच्या छतावर चढवल्या. आणखी हव्या होत्या. ग्रामपंचायतीचा भोंगा माझा दोस्त भिवाजी याच्या हाती. त्याला म्हटलं, पुकार! तो पुकारला, "जगदेवभाऊच्या घरी साखरपुडा हाय! ज्याच्याकडं जुन्या प्लेटा असतीन त्यानं आणून द्या!"

संध्याकाळपर्यंत अंगणात ढीग लागला. स्टीलच्या ताटांचा! प्रत्येक ताटावर मालकिणीचं नाव कोरलेलं.

"भिवाजी, सोलरच्या प्लेटा, असं काहून नाही सांगतलं?"

"भाऊ, साखरपुड्यात लोकं सोलरवर जेवतेत का?"

साधना मात्र खूश! तिने आणलेल्या पत्रावळी तिथल्या तिथे दुकानदाराला परत केल्या.

दुसऱ्या दिवशी वीज अगदी वेळेवर गेली. पंखे नुसते घुं घुं करत थरथरायला लागले, आणि तिकडे व्याह्यांची गाडी दारात! तेवढ्यात घासलेल्या ताटाची तिरीप डोळ्यांत घुसली आणि मी ओरडलो, "भिवाजी, खाटा आण! ताटं छतावर घे!"

खाटांना ताटं बांधून आम्ही ती प्लेटांसमोर उभी केली. ऊन दुप्पट होऊन प्लेटांवर आदळलं आणि पंखे असे सुटले की व्याह्यांची टोपीच उडाली!

"वा जगदेवभाऊ! काय जुगाड केला!"

"जुगाड नाही, चक्राकार अर्थव्यवस्था!" मी छाती फुगवून सगळं समजावून सांगितलं. टाळ्यांच्या कडकडाटात निकिताच्या बोटात अंगठी गेली. आता थेट मंत्रालयातूनच बोलावणं येणार, याची मला खात्री पटली!

आलं ते साधनाचं. "पंगत बसून राह्यली. ताटं द्या!"

"सगळी?"

"मंग काय हातावर वाढू?"

ताटं उतरत गेली, पंखे थांबत गेले. मी धावत जाऊन स्वयंपाकातली मोठी परात आणली आणि प्लेटेसमोर धरून उन्हात उभा राहिलो. व्याह्यांच्या डोक्यावरचा पंखा तेवढा फिरत राहिला. जिंकलो!

खालून त्यांचा प्रेमळ आवाज आला, "जगदेवभाऊ कुठी हायेत? त्याइले माह्या बाजूले बसवा!"

"ते नाही येत," साधना त्यांच्या ताटात पुरणपोळी वाढत म्हणाली. "ते खाली आले का तुमचा पंखा बंद पडते."