वासुदेवभाऊ आणि तीन मजली चिप

वासुदेवभाऊंच्या टेबलावर बिघडलेली वस्तू आपटलेली चालत नाही. मोबाइल बंद पडला की आपला हात आपोआप वर जातो. तो खाली यायच्या आत भाऊ ओरडतात, "वरून ठोकू नोका! खाली कोणी राह्यते!"

खाली राहते ती चिप. सिंदेवाहीच्या बसस्टँडसमोर भाऊंचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. तिथे एक मेलेला मनगटी बँड उघडून त्यांनी भिंगाखाली कायमचा मांडलाय. चार्जर घ्यायला आलेल्या माणसालाही तो पाहिल्याशिवाय सुटका नाही.

"पाहा, एकावर एक तीन चिपा. धानाचं पुंजणं रचतो ना, तसं. खाली डोकं, मधात आठवण, वरती नाडीवाली. नखाएवढ्या जागेत तिघीचा संसार, अन् भांडण नाई. आमच्या गल्लीत जमते का हे?"

गिऱ्हाईक चार्जर विसरून निघून जातं.

मी गावोगावच्या आशाताईंच्या, म्हणजे आरोग्यसेविकांच्या, कामावर देखरेख ठेवते. माझं काम याद्यांवर चालतं. यंदा आमच्याकडे असे काही बँड आले. हृदयाचा त्रास असलेल्यांच्या मनगटावर ते बांधायचे. नाडीचा आकडा घरच्यांच्या फोनवरून माझ्या फोनवर येणार. सोमीबाईंच्या नावापुढे मात्र तीन आठवडे एकच शेरा होता : बँड घालत नाही. आकड्याच्या जागी नुसत्या दोन आडव्या रेघा.

सोमीबाई साठीच्या, जंगलातल्या गावच्या. त्यांचा बँड काढून दुसऱ्या रुग्णाला द्यायचं मी ठरवलं. बाजाराच्या दिवशी सुनेबरोबर त्या स्टँडवर भेटल्या, तेव्हा मी सरळ बँड मागितला.

"म्या काढलाच नाई जी," त्या म्हणाल्या.

"मग आकडा का येत नाही?"

"मले का मालूम? आंघोळीतबी हातातच राह्यते."

"ताई, तीन दिवसांपासून मायले चक्कर येऊन राह्यली," सून म्हणाली.

ते मी उन्हावर ढकललं. बँडच खराब असेल तर तसं लिहून घ्यावं, म्हणून दोघींना भाऊंच्या दुकानात नेलं.

भाऊंनी बँड स्वतःच्या मनगटाला बांधला. ब्याऐंशी. मग माझ्या. शहाण्णव.

"यात तुमचा रागबी मोजला, ताई."

मग सोमीबाईंच्या. रेघा. काढून पुन्हा बांधला. रेघा. भाऊंनी तो सोडून उलटा करून पाहिला.

"बँड चांगला हाये. माय खरं बोलून राह्यली. मंग दोघाच्या मधात काय हाये?"

त्यांनी भिंग उचलून सोमीबाईंच्या मनगटावर धरलं. मनगटापासून कोपरापर्यंत दाट, हिरवंकाळं गोंदण.

"बँड कातडीत उजेड सोडते अन् परत येईल तो वाचते. गोंदण उजेड पिऊन टाकते. त्याले वाटते, हात नाईच."

दुसऱ्या हातावरही गोंदण होतं. दंड मात्र मोकळा होता. तिथे पट्टा पुरेना, तेव्हा भाऊंनी आपल्या चष्म्याची दोरी सोडून बँड बांधला. आम्ही सगळे त्या इवल्या पडद्यावर वाकलो. रेघा. रेघा. मग अडतीस.

"चुकला असेल," मी म्हटलं.

"तुम्ही हातानं मोजा, ताई."

तीन आठवड्यांत मी त्या मनगटाला हात लावला नव्हता. बँड मोजणार होता ना! घड्याळ समोर धरलं. एक ठोका लागायचा आणि पुढचा येतो की नाही, अशी वाट पाहावी लागायची. मिनिटाला एकोणचाळीस. सोमीबाईंचे डोळे मिटायला लागले होते.

रुग्णवाहिकेला फोन केला, दवाखान्यात कळवलं, सोमीबाईंच्या बटव्यातली रोजच्या गोळ्यांची पाकिटं डॉक्टरांना दाखवायला सुनेच्या पिशवीत घातली. गाडी यायला वीस मिनिटं होती. सोमीबाईंना बाकड्यावर टेकवलं होतं; तेवढा वेळ भाऊ त्या बाकड्याशी उकिडवे बसून बोलत राहिले.

"माय, झोपू नोको. औंदा मोहफुलं किती वेचली?"

"लय."

"लय म्हंजे किती?"

"तुह्या दुकानात नाई मावत."

"माह्या दुकानाले नावं ठेवते! डोळे उघड, पाह्य तरी किती मोठं हाये ते."

सोमीबाईंनी डोळे उघडले. दुकान पाहिलं. पुन्हा मिटले.

गाडीत एकीलाच बसता येणार होतं, सून गेली. भाऊ रस्त्यावरून परत आले आणि म्हणाले, "ताई, तुमचा फोन इथी ठेवा जरासा."

सुनेच्या फोनवरून आकडे येत होते. चाळीस. अडतीस. चाळीस. दुकानात दोन गिऱ्हाइकं आली. भाऊंनी त्यांना "उद्या या" म्हणून परत पाठवलं. तासाभराने सुनेचा फोन आला : एका गोळीमुळे ठोके मंदावले होते, उपचार सुरू झालेत, माय बोलतेय. मी यादी काढली, सोमीबाईंपुढचा शेरा खोडला आणि तिथे लिहिलं, चूक माझी.

फोनवर बावन्न दिसत होते.

"आता द्या फोन, भाऊ. तुम्हीही घरी जा."

भाऊंनी मान वर केली नाही. "घरी जाऊन कोणाले सांगू, बावन्न झाले म्हणून?"

मी पिशवी खाली ठेवली आणि बाकड्यावर बसले.

"चौपन, ताई," थोड्या वेळाने ते म्हणाले.

"हो, भाऊ."

समोरून माझी साडेपाचची बस निघून गेली.

"पंचावन."