चिंचेखालची वहिवाट

त्या दिवशी दादासोनं एकच गोष्ट ठरवली. आजपास्नं घोरायचं तर मोठ्यानं घोरायचं.

आता घोरायचं कुनी ठरवत नसतं. ते आपसूक होतं. पन दादासोच्या घोरन्यामागं कायदा हुता, आन मागं कायदा लागला की मानूस जांभई द्यायला बी बिचकतो.

दादासो कळस गावचा. बारामतीच्या एमआयडीसीत, दुधाच्या कारखान्यात पहिल्या पाळीला. पहाटं चारला उठायचं, एम-एटीला किक मारायची, आन दुपारी तीनला घरी. दिवसभर दुधाच्या पिशव्या डोळ्यापुढनं सरकून सरकून घरी येईस्तोवर त्याला सगळं जग पांढरं आन मऊ दिसायचं. भाकरी खाल्ली की त्याला एकच गोष्ट लागायची, झोप. आन झोप घरात न्हवती. घरात सासू हुती.

सासू दगडाबाई म्हंजे त्याची सख्खी आत्याच. बारा वर्षांमागं आखितीच्या सणाला आमरस खायला ती मायेरी आली, दादासोच्या बाजेवर जरा टेकली. (त्यो 'जरा' अजून संपला न्हाय.) दादासोनं मुकाट वाकळ उचलली, बांध वलांडला आन शेजारच्या झुंबरतात्याच्या चिंचेखाली आडवा झाला.

चिंचेखाली झोपू नये, भूत लागतं, असं आख्खं कळस म्हनतं. म्हनून तितं दुसरं कुनी फिरकायचं न्हाय. पन काय झोप लागायची. वरनं बारीक बारीक पानं पापन्यांवर पडायची. कालव्याकडनं गार वारं यायचं, लांब कुठंतरी टॅक्टर गुरगुरायचा, त्यो बी झोपंतच. आन रोज तेच सपान. आजा खांद्यावर घोंगडं टाकून चाललाय, मागं मेंढरं. मेंढरांचे पाय जमिनीला लागत न्हाईत, ती ढगावानी हातभर वरनं चाललीत. बांध आला की बांध मिटतो, मेंढरं गेली की परत उमटतो. आजा मागं वळतो आन म्हनतो, "बाळा, रान कुनाचंच नसतं रं. आज हितं बसायचं, उद्या तितं. फकस्त..."

त्या 'फकस्त'ला बरोबर पाच वाजायचे आन बायको साखरबाई बांधावरनं हाक मारायची. बारा वर्षांत आजाचं वाक्य काय पुरं झालं न्हाय.

आजा खराच तसा हुता. दुसऱ्याच्या रानात मेंढरं बसवायची, लेंड्यांचं खत रानवाल्याला, धान्य आपल्याला, सकाळी उठून पुढं. मग कवातरी ह्या बांधाला त्येनं रान घेतलं. घराण्यात पहिल्यांदा सात-बाराला नाव लागलं, आन तवापास्नं घरात कुनाला धड झोप न्हाय.

तर एका दुपारी झुंबरतात्या चिंचेला हात लावून म्हनला, "दादासो, आखिती झाली की ही पाडतो. दोन जर्शी आनल्यात. हितं गोठा बांधायचाय."

दादासोनं एक डोळा उघाडला. "मग मी कुठं झोपू तात्या?"

"तुजं घर हाय की."

"घरात आत्या हाय."

झुंबरतात्यानं दादासोच्या घराकडं बघितलं. "ते बी खरंच हाय म्हना," म्हनला आन निघून गेला. मानूस मवाळ हुता, पन जर्शीनं मानूस बदलतो.

दुसऱ्या दिवशी दादासोनं रजा टाकली आन इंदापूर गाठलं. तितं कचेरीच्या भिंतीला टेकून मानसिंगराव बसायचे, पुढ्यात टायपरायटर. कुनाचा बी कसला बी अर्ज लिहून द्यायचे. तीन वर्षं वकिलीच्या परीक्षेला बसले हुते, म्हनून नुसता अर्ज मागितला तरी फुकटात कायदा द्यायचे.

"किती वर्षं झोपताय म्हणालात?"

"आखितीला बारा पुरी."

मानसिंगरावांचं बोट टायपरायटरवर तसंच ऱ्हायलं. "बारा? मग ती जागा तुमचीच की. खाजगी मालकाच्या जमिनीवर बारा वर्षं कुणी ताबा ठेवला आणि मालक गप बसला, तर मालकाचा हक्क गेला. पण तीन अटी आहेत बघा. ताबा उघड पाहिजे, लपूनछपून नको. अखंड पाहिजे. आणि मालकाच्या विरोधात पाहिजे. मालक 'झोप बाबा' म्हणाला की संपलं. परवानगीनं झोपणाऱ्याला शंभर वर्षांनी पण हक्क मिळत नाही."

"म्हंजे इरोधात झोपायचं?"

"बरोबर."

"झोपंत इरोध कसा करायचा साहेब?"

"तो तुमचा प्रश्न. मी टाइप करतो."

मानसिंगरावांनी दोन अर्ज टाइप केले. एक हक्काचा, 'सदर चिंच झुंबर यांच्या मालकीच्या रानात असून, याची मला पूर्ण जाणीव आहे, तरी मी तिच्याखाली झोपत आलो आहे.' दुसरा मोजनीचा, म्हंजे सरकारी मोजनीदार येऊन जागा नकाशावर दाखवील. दादासोनं दोन्हीवर सही केली. लग्नाच्या दाखल्यावर बी केली न्हवती एवढी सुबक सही. 'सो'ची शेपटी पार कागदाच्या काठापतूर.

घरी येऊन त्येनं सगळं साखरबाईला सांगितलं. बाजेवर दगडाबाई डोळं मिटून आयकत हुती.

"म्हंजे बारा वर्षं कुनी उठवलं न्हाय तर जागा त्येची?" तिनं इच्यारलं.

"व्हय आत्या. कायदाच हाय तसा."

"लई गुनाचा कायदा हाय," दगडाबाई म्हनली आन बाजेवर कूस बदलली.

दादासोला त्यात काय वावगं वाटलं न्हाय. (झोपाळू मानसाला कूस दिसती, कुशीतला डाव दिसत न्हाय.) साखरबाई मातर हसत हसत धुनं घिऊन गेली. सरुवैनी, म्हंजे झुंबरतात्याची कारभारीन, आन ती एकाच दगडावर कपडे आपटायच्या. तितं तिनं कायदा सांगितला असनारच. साबन आन कायदा, दोन्ही पान्यात लवकर पसरतं.

आखितीला वीस दिवस हुते. ताबा उघड पायजे म्हनून दादासो मोठ्यानं घोराय लागला. पहिल्या दिवशी चिंचेवरचं कावळं उठून कन्हेरी गावाच्या अंगाला गेलं म्हनत्यात. अखंड पायजे म्हनून त्येनं साखरबाईची पाचची हाक बंद केली. ऱ्हायला इरोध. त्यो शिकायला त्येनं आरसा आनला.

"भुवया अशा करा," साखरबाई म्हनली, "जसं काय तात्यानं तुमचा बांध कोरलाय."

"कोरलाय व्हय?"

"न्हाय वो. पन चेहरा तसा करा."

मग दादासो मुठी आवळून, मिशा फेंदारून, दात खात झोपाय लागला. चवथ्या दिवशी सरुवैनीनं बघितलं. "अगं बया, भावजीला उष्णता झाली वाटतं," म्हनून तांब्याभर ताक घिऊन आली.

दादासोची पंचाईत झाली. ताक घ्यावं तर इरोध मोडतो, न घ्यावं तर ताक जातं. शेवटी त्येनं डोळं मिटूनच, भुवया चढवून, मालकाच्या इरोधात तांब्या रिकामा केला.

सगळ्यात अवघड झुंबरतात्या. त्यो सोभावानं चांगला. जाता जाता म्हनायचा, "काय दादासो, झो..." आन पुढचा 'प' तोंडातनं पडायच्या आत दादासो असा काय घोरायचा की तात्या दोन पावलं मागं सरायचा. झोप म्हनला तर परवानगी झाली की.

सपनं बी बदलली. आता चिंचेखाली कोर्ट भरायचं. आजाचा जुना एडका, वाकड्या शिंगांचा, नाकावर चष्मा लावून खुर्चीत बसायचा. मेंढरं साक्षीला उभी. एडका इच्यारायचा, "झोप मानसाच्या ताब्यात हाय का मानूस झोपंच्या?" दादासो बोलाय जायचा तर तोंडातनं आवाज यायचा न्हाय, चिंचेची पानंच यायची, पिवळी, बारीक, कोर्टभर उडत ऱ्हायची. आजा लांब बांधावर उभा असायचा. मागं वळायचा न्हाय.

आखिती झाली. बारा वर्षं पुरी. आन तिसऱ्या दिवशी मोजनीची नोटीस हातात घिऊन झुंबरतात्या आला. चेहरा पडलेला.

"आरं, एवढ्यासाठी सरकार आनलंस व्हय? मला इच्यारलं असतंस तर दिली असती की."

"तेच तर नको हुतं तात्या."

"काय?"

"परवानगी."

झुंबरतात्याला काय कळलं न्हाय. त्यो नोटिसीची घडी घालून पागोट्यात खोचून निघून गेला. त्या दुपारी दादासोला पहिल्यांदाच चिंचेखाली झोप लागली न्हाय. नुसता घोरत पडला.

मोजनीदार आला. तिपाईवर फळी मांडली, फळीवर नकाशा, आन म्हनला, "हद्दीचा दगड दाखवा."

दोघांनी एकाच दगडाकडं बोट केलं. बांधावरचा, चिंचेच्या अलीकडचा, शेंदूर फासलेला. दोन्ही घरं त्येला दसऱ्याला नारळ फोडायची. मोजनीदारानं साखळी वडली, नकाशा उलटा केला, सुलटा केला.

"हा हद्दीचा दगड नाही."

"आसं कसं?" झुंबरतात्या म्हनला. "माज्या बापापास्नं ह्योच हाय."

तवर दगडाबाई काठी टेकत आली. बारा वर्षांत ती बाजेवरनं उठली ती त्या दिवशी. दगडाकडं बघून म्हनली, "ह्यो? ह्येला तर आमचा बाबा एडका बांधायचा. एडका मेल्यावर त्येनं शेंदूर लावला. लई जीव हुता त्याच्यावर."

दोन घरं इतकी वर्षं एका एडक्याच्या खुट्याला हद्द मानून भांडली हुती, समेट केला हुता आन नारळ फोडलं हुतं.

खरा दगड चौदा फूट पलीकडं घावला, झुंबरतात्याच्या मळ्यात. त्याच्यावर सरुवैनी कपडे आपटत हुती.

"म्हंजे चिंच?" दादासोनं इच्यारलं.

"चिंच तुमच्या गटात आहे," मोजनीदार म्हनला. "पहिल्यापासून."

दादासोला सगळं रान ढगावानी हलल्यागत वाटलं. बारा वर्षं त्यो सोताच्याच रानात झोपला हुता, सोताच्याच इरोधात. आता ही सावली त्येची, पानं त्येची, वारं बी जवळजवळ त्येचंच. त्यो चिंचेला पाठ टेकून खाली बसला आन डोळं मिटलं.

"थांबा," सरुवैनीचा आवाज आला. हातात पिळलेलं लुगडं. "ह्या चिंचा झोडतं कोन?"

"तुमीच वैनी."

"किती सालं?"

"लगीन होऊन आलाव तवापास्नं."

"तेवीस. उघड हाय का? आख्खं कळस चिंचा मागाय येतं. अखंड हाय का? एक फाल्गुन चुकला न्हाय. आन इरोधात?" ती जवळ आली. "भावजी, तुमच्या खिशातनं मी किती येळा चिंचा काढून घेतल्यात?"

"तीनदा," दादासो म्हनला. (त्यो खोटं बोलत न्हाय, त्येला तेवढी सवड नसती.)

"पन वैनी, नकाशात..." त्योच पुढं म्हनाय लागला.

मोजनीदारानं पिशवीतनं दादासोचा हक्काचा अर्ज काढला. "मी फक्त मोजतो, न्याय कोर्ट करील. पण हे तुम्हीच लिहून दिलंय. सदर चिंच झुंबर यांच्या मालकीच्या रानात असून, याची मला पूर्ण जाणीव आहे. सही तुमचीच ना?"

दादासोनं बघितलं. सही इतकी देखनी हुती, की न्हाय म्हनायला जीभ वळली न्हाय.

कोर्टात जायचं म्हंजे दुपारच्या तारखा. झोपंच्या टायमाला. त्यापरास दादासोनं तितंच कबूल केलं, चिंच सरुवैनीची. सरुवैनीनं बी तितंच सांगून टाकलं, चिंचेला कुनी कुऱ्हाड लावायची न्हाय, गोठा इहिरीकडं बांधा. झुंबरतात्यानं मान हलवली. त्येचं म्हननं आदीपास्नं एवढंच हुतं की कुनीतरी नीट सांगावं.

दादासो वाकळ काखंत मारून घरी आला. चिंच गेली तर गेली, घर तरी आपल्या नावावर हाय, बाज आपली हाय. दगडाबाई परत बाजेवर आडवी झालेली.

"आत्या, जरा सरका."

दगडाबाईनं डोळं उघाडलं न्हाईत. "बारा वर्षं झाली जावईबापू. उघड, अखंड."

"आन इरोधात?" साखरबाईनं चुलीपासनं इच्यारलं.

"त्यो तुज्या नवऱ्याच्या तोंडावर बघ की, रोजचा हाय."

तवापास्नं असं चाललंय. रोज साडेतीनला दादासो वाकळ घिऊन बांधावर एडक्याच्या दगडाशी उभा ऱ्हातो. पलीकडनं सरुवैनी वराडती, "परवानगी हाय भावजी." मग त्यो सोताच्या सात-बाऱ्यावर, दुसऱ्याच्या परवानगीनं झोपतो. आन साडेचारला सरुवैनी येऊन हलवून उठवती. "उठा भावजी. अखंड नको व्हायला. हां, आता झोपा परत."

त्या दुसऱ्या झोपंत सपान पुढं सरकाय लागलं. मेंढरं तशीच हातभर वरनं चाललीत. आजा बांधाशी थांबतो, एडक्याच्या डोक्यावर हात ठिवतो, मागं वळतो. "रान कुनाचंच नसतं रं बाळा. आज हितं बसायचं, उद्या तितं. फकस्त बसायच्या आदी रानवाल्याला इच्यारायचं."

दादासो दचकून उठला. तसाच पळत घरी आला आन साखरबाईला आजाचं आख्खं वाक्य सांगितलं.

साखरबाई भाकरी थापत हुती. तिनं मान वर केली न्हाय.

"येवढं आयकायला बारा वर्षं झोपावं लागलं व्हय?" ती म्हनली. "मला इच्यारायचं की."