निराकाररावांस मनुष्यदेह प्राप्त जाहला ती हकीकत

श्रीआदिशक्ती समर्थ. वाचणारांस व ऐकणारांस तिने सांभाळावे. शके तीन हजार एकशे सात, क्रोधननाम संवत्सरे, चैत्रमासी तारांगणात फिरता एक लोखंडी गड होता आणि सगुणाबाई त्याच्या गडकरीण होत्या. त्या गडाच्या ऐन सदरेवर, भर दिवसा, एक उघडा पुरुष धपकन येऊन पडला. हा कोण म्हणाल, तर ज्यास रूप नाही, मरण नाही, ज्याने गंमत म्हणून फुंकर घालावी आणि सूर्य विझावा, ऐसा महाबळी. त्याच्या थट्टेस विटून भाऊबंदांनी त्याचे सामर्थ्य काढून घेतले आणि मनुष्यदेह देऊन खाली लोटिले. गडकऱ्यांनी त्यास धोतर नेसविले आणि नाव ठेविले निराकारराव.

मग राव गर्जले की, "आम्हांपुढे गुडघे टेका!" आणि तितक्यात पोटात ऐसे काही ओरडले की राव भिऊन खांबास बिलगले. सगुणाबाई म्हणाल्या, "अहो, भूक लागलीय तुम्हांला. बसा पानावर." मग राव पंगतीस बसले आणि वरणभात, वर तूप, ऐसा चापला की आचारी पाहतच राहिला, आणि मग पापण्या जड जाहल्या, मान कलली, हातची वाटी गळाली. राव किंचाळले, "विष घातले! आम्ही विझत चाललो!" पंगत खो खो हसली. बाई तेवढ्या हसल्या नाहीत. "झोप आहे ती. सगळ्यांना येते."

"आणि परत येण्याचा भरवसा काय?"

बाई म्हणाल्या, "मी उशाशी बसते. निजा तुम्ही." रावांनी त्यांचा पदर मुठीत धरिला आणि मग काळोख जाहला.

मग राव जागे जाहले आणि हातपाय जागच्या जागी पाहून आनंदे ओरडले, "आलो! परत आलो!" परंतु सदरेवरचे सगळे बाहेर पाहत होते. गडाबाहेर काळी जहाजे उभी ठाकली होती. ज्यांचा सूर्य रावांनी विझविला होता, त्यांतले उरलेले लोक आले होते, आणि रावांस स्वाधीन करा, नाहीतर गड जाळितो, ऐसा त्यांचा निरोप होता. बाईंनी त्यांस कळविले होते की माणूस निजला आहे, उठू द्या. आणि ते थांबले होते. मरण म्हणजे काय हे रावांस आता पुरते कळत होते. ते पुन्हा पदर मुठीत धरून बाईंच्या पाठीशी दडले.

दाराच्या जाळीपलीकडे शत्रूचा म्हातारा सरदार उभा होता. बाई त्यास म्हणाल्या, "आमच्या पंगतीला जेवला तो आमचा. जाळायचा तर जाळा गड, माणूस देत नाही."

म्हातारा रागे भरला नाही. म्हणाला, "बाई, आमचा सूर्य विझला तेव्हा लेकरं दुपारची निजली होती. आया उशाशीच बसल्या होत्या."

मग रावांच्या मुठीतून पदर सुटला. ते म्हणाले, "बाई, दार उघडा."

"भीती नाही वाटत?"

"फार वाटते," राव म्हणाले, आणि भिंतीस हात टेकीत बाहेर गेले.

इतके वर्तमान जाहले. गड राहिला. रावांचे पुढे काय जाहले ते कोणास ठाऊक नाही. गडावर मात्र तेव्हापासून निजल्या लेकराच्या उशाशी कोणी ना कोणी बसते, आणि बसून काही राखिता येत नाही हे ठाऊक असूनही बसते.