कॅमेऱ्याचं बॉनेट

प्रासोंगने कॅमेऱ्याचा विमा काढायचं ठरवलं आणि तिथून घरात वैताग सुरू झाला. पंधरा दिवसांपूर्वी एका गृहप्रवेशात तो कॅमेरा तिपाईवरून थाडकन पडला होता. नवा घ्यावा तर ऐपत नाही, दुरुस्त करावा तर भरवसा नाही, या घोळात आठवडा गेला. शेवटी दुरुस्तीवाल्या चूचातने तो ठीक करून दिला. रविवारी मुख्याध्यापिकाबाईंच्या मुलीचं लग्न होतं, फोटो प्रासोंग काढणार होता, आणि लाम्पांग गावात बाईंचा शब्द चालायचा. ते काम फसलं असतं, तर पुढची सगळी लग्नं हातची गेली असती.

"शुक्रवारी विमावाली सुमाली येतेय. तोवर कॅमेऱ्याला कुणी हात लावू नका," त्याने सासूबाईंना बजावलं.

"ती कॅमेरा पडल्यावर पैसे देणार. तो पडूच नये म्हणून काय करणार?" चिकट भाताचा गोळा मिरचीच्या चटणीत बुडवत सासूबाई म्हणाल्या. "आपल्या पिकअपला दहा वर्षांत ओरखडा तरी आलाय?"

पिकअप घेतली त्याच दिवशी विहारातल्या म्हाताऱ्या भिक्खूंनी, लुआंग पोंनी, तिच्यावर मंतरलेलं पाणी शिंपडलं होतं. सासूशी वाद नको म्हणून प्रासोंगने नुसती मान डोलावली. तिथेच चुकलं.

शुक्रवारी सकाळी कॅमेरा जागेवर नव्हता. सासूबाई विहारातून आल्या त्या कॅमेरा गळ्यात घालूनच. पट्ट्याला पांढरा दोरा, भिंगावर पांढऱ्या गंधाचे तीन ठिपके, आणि खालून टपटप पाणी.

"आई, हे काय?"

"आशीर्वाद घेऊन आले. वरवरचा नाही हं!"

"वरवरचा नाही म्हणजे?"

"अरे, पिकअपचं बॉनेट नव्हतं का उघडलं, इंजिनावर पाणी पडावं म्हणून? तसंच याचं बटण दाबून पुढचं नळकांडं फिरवलं, निघालं की! लुआंग पो बिचारे म्हणत होते, राहू दे. मीच म्हटलं, सढळ हाताने शिंपडा, इंजिन आतच आहे."

प्रासोंगने त्यांच्या गळ्यातून कॅमेरा काढून घेतला. ओरडावं तर समोर सासू, चिडावं तर लुआंग पो.

चूचातने कॅमेरा वाळवून सुरू केला, भिंगासमोर मात्र हात टेकले. "आत पांढरं धुकं बसलंय. सगळं सुटं करावं लागेल. आठ दिवस."

"लग्न परवा आहे रे!"

"मग नवा घे."

"तुझा बाप देणार का पैसे?"

दुपारी सुमाली आली. तिने फॉर्म काढला. "कॅमेरा सुस्थितीत आहे ना, दादा?"

"आत पाणी गेलंय. लुआंग पोंनी शिंपडलेलं."

सुमालीने पेन ठेवून आधी हात जोडले. "याला नुकसान कसं लिहू मी? आणि न लिहिता विमाही काढता येत नाही." ती कोरा फॉर्म घेऊन निघून गेली.

रविवार पडला शुभ दिवस. गावातला एकूण एक कॅमेरा कुठल्या ना कुठल्या लग्नात अडकलेला. प्रासोंगने आपलाच धुक्याचा कॅमेरा नेला, दात-ओठ खात फोटो काढले आणि तसेच पाठवून दिले.

सोमवारी मुख्याध्यापिकाबाई दारात हजर. प्रासोंगने आधीच हात जोडले. "बाई, चुकलं माझं. फोटो..."

"चुकलं काय? पोरीच्या डोक्याभोवती तेजाचं वलय आलंय! अगदी विहाराच्या भिंतीवरच्या चित्रांसारखं. सासरची माणसं रडली हो बघून. खरं सांगा, हाच ना तो लुआंग पोंचा कॅमेरा?"

सासूबाईंनी भाजीबाजारात आपलं काम चोख केलं होतं. बुधवारपर्यंत सात लग्नं ठरली, आणि सातही घरांची एकच अट होती: कॅमेरा तोच हवा.

त्याच संध्याकाळी चूचात हत्यारांची पिशवी घेऊन आला. "माझ्यामुळे तुझी फजिती व्हायला नको. आण ते भिंग, फुकटात लख्ख करून देतो."

"लांब हो!" प्रासोंगने कॅमेरा छातीशी कवटाळला आणि तसाच सुमालीला फोन लावला. "विमा काढायचाय. आत्ता!"

"पण दादा, तो तर बिघडलेला आहे ना?"

"म्हणूनच तर! मला एवढंच सांग, उद्या कुणी तो दुरुस्त केला, तर भरपाई मिळेल ना?"